नित्यनेमाची वेळ कोणती?

आषाढ शुद्ध एकादशी दारी येऊन ठेपली आहे. शेगावच्या श्रीगजाननमहाराजांची पालखी, दरवर्षीच्या परिपाठाप्रमाणे, पायी पंढरीच्या वाटेला लागली आणि इकडे आमच्या मेहकर परगण्यात पेरणी उरकून डवरणीचे वेध लागले. एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मास. घरोघर नेम धरले जातील. कोणी कांदा-लसूण-वांगे वर्ज्य करील, कोणी लक्ष वातींचा संकल्प सोडील, कोणी पोथीचा एक अध्याय रोज वाचावयाचे ठरवील. आम्हां कीर्तनकारांची तर ही सुगीच. या चार महिन्यांत आम्ही गावोगाव फिरतो आणि लोकांस नित्यनेमाचे महत्त्व पटवून देतो. ते पटवून देण्यात आम्ही इतके तरबेज झालो आहोत की, गतवर्षीपर्यंत आम्हांस त्याविषयी कधी कोणी अडविले नव्हते.

गतवर्षी अडविले. लोणार रस्त्यावरील एका खेड्यात हनुमंताच्या पारावर कीर्तन होते. पूर्वरंगात नामाचा महिमा, उत्तररंगात जनाबाईचे आख्यान. मंडळी डोलत होती. आरती होऊन अबीरबुक्का लावून झाला, शिधा बांधला गेला, आणि आम्ही निघणार तोच पाराच्या खाली उभी असलेली एक पन्नाशीची बाई पुढे आली. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बुवा, तुमी म्हनता रोज हरिपाठ करा. पटते मले. पन वेळ कोनती, तेवढी सांगून जा."

आम्ही सहज म्हणालो, "पहाटेची वेळ उत्तम."

"पहाटे पान्याची पाळी असते."

"मग सायंकाळी, दिवेलागणीला."

"दिवेलागनीला मी वावरातून येते. मंग चूल."

आम्ही हसून काहीतरी म्हणालो, बहुधा "मनात भाव असला की वेळ सापडते" असे काहीतरी. ती बाई "बरं" म्हणाली आणि गेली. त्या "बरं"मध्ये राग नव्हता. दुकानात हवी ती वस्तू नाही असे कळल्यावर गिऱ्हाईक जसे "बरं" म्हणते, तसे ते होते.

घरी येऊन आम्ही ग्रंथ उघडले. विद्वत्तेची सवय अशी की, माणसाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी पोथीत शोधावयाचे. धर्मशास्त्राने या विषयाचा किती बारकाईने विचार केला आहे, हे वाचकांस सांगितले पाहिजे. कारण शास्त्र म्हणजे केवळ कडकपणा अशी एक समजूत आहे. प्रातःसंध्येचा उत्तम काळ आकाशात तारे दिसत असतानाचा, तारे मावळल्यावर मध्यम, सूर्योदय झाल्यावर कनिष्ठ. सायंसंध्येस याच्या उलट: सूर्य असताना उत्तम, अस्त झाल्यावर मध्यम, तारे दिसू लागल्यावर कनिष्ठ. येथेच शास्त्र थांबले असते तर ते निव्वळ घड्याळ झाले असते. परंतु पुढे गौणकाल आला. वेळ टळली तर एक अर्घ्य अधिक द्यावे आणि संध्या करावी. टळली म्हणून सोडू नये. गायत्रीजप अष्टोत्तरशत, न जमल्यास अठ्ठावीस, तेही न जमल्यास निदान दहा. अशौचात मनोमन. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० साली पुरा केलेला 'धर्मसिंधु' ज्याने चाळला असेल, त्यास हा उदारपणा ठाऊक असेल. नित्यकर्म आणि काम्यकर्म यांतील भेदही हाच. काम्यकर्मात अंग चुकले की फळ गेले. नित्यकर्मात जेवढे घडेल तेवढे घडावे, पण घडावे.

हे सारे आम्ही टिपून काढले. पुढील कीर्तनासाठी टिपण छान झाले. मग ध्यानात आले की, त्या बाईला यातले एक अक्षरही लागू नाही. ही सारी सवलत ज्याला संध्या सांगितली त्याला. तिला संध्याच सांगितलेली नव्हती, तर तिची सवलत कोठून येणार?

तिची वेळ शास्त्राने नव्हे, जात्याने ठरविली होती. आमच्या लहानपणी, म्हणजे १९६०-७० च्या दशकांत, मेहकरला आमच्या वाड्यात माजघरात जाते होते. पहाटे आम्हांस जाग येई ती त्याच्या घरघरीने आणि त्यावरील आईच्या ओवीने. खुंटा एका हातात, दुसऱ्या हाताने वैरण घालावयाची, आणि तोंडाने पंढरीचा, माहेरचा, भावाचा, सीतामाईचा असा एकच अखंड धागा. वडिलांची संध्या नंतर, अंघोळ करून, रेशमी मुकटा नेसून. आज हिशेब केला तर आईची उपासना वडिलांच्या आधी तासभर सुरू होई आणि तीही रोज, न चुकता. कारण पीठ रोज लागे. पुण्याच्या हेमा राइरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. शेजारच्या खानदेशातील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी घरकाम आणि शेतकाम करता करताच गात होत्या. त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, ते सारे पुस्तकरूपाने आले. एवढे धन ज्या वेळेत निर्माण झाले, ती वेळ कोणी काढलेली नव्हती. ती कामाच्या पोटात होती.

मग पिठाची गिरणी आली. आमच्या आईचे खांदे सुटले, याबद्दल आम्ही त्या गिरणीचे ऋणीच आहोत. जात्याचा कैवार घेणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून पाहावी. पण जाते गेले तेव्हा त्याच्यासवे ओवीही गेली, आणि जो तास सुटला तो बाईच्या पदरी पडला नाही. तो दुसऱ्याच कामांनी वाटून घेतला. पाण्याची पाळी, मुलांचे डबे, मजुरीची गाडी. त्या बाईने आम्हांस विचारले ते खरे म्हणजे हेच होते की, माझा तो तास कोठे गेला.

इथवर आमचा विचार पोचला तो पुस्तकांच्या बळावर. पुढचा भाग आम्हांस घरात शिकावा लागला.

गेल्या कार्तिकात आमच्या कुटुंबाचा पाय ओट्याजवळ घसरला आणि मांडीचे हाड मोडले. बुलढाण्यास शस्त्रक्रिया झाली आणि नंतर तीन महिने अंथरुण. मुलगा-सून पुण्यास नोकरीला; ती येऊन राहिली तेवढे दिवस निभले, पुढे आम्ही दोघेच. आमची देवपूजा दोन तासांची. स्नान, संध्या, पंचायतन, पुरुषसूक्ताचा अभिषेक, विष्णुसहस्रनाम, गीतेचा एक अध्याय. चाळीस वर्षांत प्रवास सोडता खंड नाही, असे आम्ही चारचौघांत सांगत असू, आणि सांगताना थोडे ताठ बसत असू.

पहिल्या दिवशी पूजा दहाला झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला. पाचव्या दिवशी शाळिग्रामावर तुळशीचे एक पान ठेवले आणि हात जोडले; कारण कुकरची शिटी, दूधवाला, औषधाची वेळ आणि दाराशी आलेला भेटावयाचा पाहुणा हे चारही एकाच वेळी उभे होते. त्या दिवशी आम्हांस कळले की, ते दोन तास आमचे कधीच नव्हते. पूजेचे पाणी कोणी भरले, फुले कोणी तोडली, चंदन उगाळून कोणी ठेवले, नैवेद्याची वाटी वेळेवर कोणी पुढे सरकवली, आणि त्या दोन तासांत दार वाजले तर कोण उठले? आम्ही ज्यास आपला नेम म्हणत होतो, तो दुसऱ्याच्या वेळेवर उभा होता.

एके दिवशी पोळी लाटता लाटता आम्ही तिला विचारले, "तू देवाचे केव्हा करीत होतीस?" चाळीस वर्षांत प्रथमच विचारले, हे लिहावयास लाज वाटते, पण लिहितो. ती म्हणाली, "तुम्ही आत सहस्रनाम म्हणता ना, मी बाहेर पोळ्या लाटताना तुमच्याबरोबर म्हणते." आम्ही चकित झालो. संस्कृताचा एक धडाही न घेतलेल्या बाईस अवघे सहस्रनाम मुखोद्गत! मग ती हळूच म्हणाली, "कीर्तनाला बाहेरगावी जायचे असले की तुम्ही मधले श्लोक गाळता. मी गाळत नाही."

यावर वेदशास्त्रसंपन्नाने काय बोलावे? आमची पोळी करपली.

आता एक वेगळी हकीकत. तिची शस्त्रक्रिया झाली त्या आठवड्यात आम्ही बुलढाण्यास एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. हे निवृत्त शिक्षक, धर्माने ख्रिस्ती, मूळचे अहमदनगरकडचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. आमचा सोवळ्या-ओवळ्याचा बाऊ त्यांना ठाऊक, म्हणून त्यांनी फळे व दूध यांची निराळी व्यवस्था केली होती. सायंकाळी साडेसात झाले. त्यांच्या पत्नीने अर्धवट शिजलेल्या वरणाखालचा गॅस बंद केला. सून लॅपटॉप मिटून आली, नातू गृहपाठ टाकून आला. सारे सतरंजीवर बसले. शास्त्रातील एक उतारा नातवाने वाचला, एक गीत झाले, मग घरातील प्रत्येकाने आपापल्या शब्दांत दोन वाक्ये मागितली. त्यांत आमच्या कुटुंबाचा पाय होता. दहा-बारा मिनिटे. मग गॅस पुन्हा पेटला.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. प्रार्थना कोणत्या देवाची, हा प्रश्न आमच्या मनात आला नाही. मनात आला तो बंद केलेला गॅस. आमच्या घरी महालक्ष्म्यांची आरती होते तेव्हा पुरण शिजत असते आणि ते ढवळणारी बाई आरतीला नसते. सत्यनारायणाच्या कथेला प्रसादाचा शिरा भाजणारी कथेला नसते. गेल्या साठ वर्षांत आम्ही किती आरत्या म्हटल्या आणि त्यांत घरातील किती बायका मागे स्वयंपाकघरात होत्या, याचा हिशेब कोण देणार?

स्नेह्यांना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की ही त्यांच्याकडील जुनी रीत. वसईकडे आणि गोव्यात चर्चची घंटा सकाळी, दुपारी, सायंकाळी होते आणि रात्री कुटुंब एकत्र बसून जपमाळ ओढते. गोव्यात तिला तेर्स म्हणतात. याचे मूळ फार मागे जाते. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जे नियम केले त्यांत दिवसा सात वेळा व रात्री एकदा प्रार्थना सांगितली आहे, आणि घंटा ऐकताच हातातील काम तसेच टाकून यावे अशी आज्ञा आहे. पण त्याच नियमांत पुढे म्हटले आहे की, जो दूर शेतात कामावर असेल त्याने तेथेच, काम करीत असेल त्या जागी, प्रार्थना करावी. प्रवासात असेल त्याने वेळ चुकू देऊ नये. आम्हांस 'धर्मसिंधु'तील गौणकाल आठवला. जो कोणी नेम घालून देतो, त्याला माणसाची अडचण दिसल्यावाचून राहत नाही असे दिसते.

त्यांच्या शुभवर्तमानात एक गोष्ट आहे. येशू दोघी बहिणींच्या घरी जातो. मारिया त्याच्या पायाशी बसून ऐकते; मार्था पाहुणचारात गुंतलेली, ती तक्रार करते. येशू मार्थेला सांगतो की तू फार गोष्टींची काळजी वाहतेस, मारियेने निवडले ते चांगले आहे. स्नेह्यांनी ही गोष्ट प्रार्थनेच्या थोरवीसाठी सांगितली. आम्ही मात्र, त्यांचा आदर राखून, मनात मार्थेच्या बाजूने उभे राहिलो. जेवण कोणीतरी करावयाचे होतेच! आमचे म्हणणे इतकेच की, थोडा वेळ मार्थेचा गॅसही कोणीतरी बंद करावयास हवा होता.

मराठी ख्रिस्ती मंडळी आमच्यापासून दूरची आहेत असे कोणी समजू नये. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले ते मराठी ओवीत. नगरकडे एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तने सुरू झाली, त्यांत टाळ-मृदंग आमचेच. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ साली राजनांदगावकडे जात असताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचावयास सांगितले, आणि १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. तरी तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. ते अभंग रचीत, कीर्तने करीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे 'स्मृतिचित्रे' ज्या घरात नसेल त्या घराने ते आणावे. त्यांचे वडील सोवळ्याच्या ध्यासाने इतके ग्रासले होते की घरात मीठ-साखरही धुऊन घेतली जाई. १८५७ च्या धामधुमीत घरातील एका वडीलधाऱ्यास फाशी झाली, तेव्हापासून हे खूळ. लक्ष्मीबाईंनी ते हसत हसत सांगितले आहे. पण त्या एका पुरुषाच्या शुद्धतेसाठी घरातील बायकामुलांचा केवढा वेळ पाण्यात गेला असेल, हे आता आम्हांस हसत हसत वाचता येत नाही. आमचाही मुकटा कोणीतरी धुऊन वाळत घालीतच होते.

आणि एवढ्यासाठी बुलढाण्याहून वसईपर्यंत जाण्याचे कारण नव्हते, हेही खरे. आमच्याच वऱ्हाडात, मोझरीच्या गुरुकुंजात, राष्ट्रसंत तुकडोजीमहाराजांनी सकाळी सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना घालून दिली. देऊळ असो नसो, झाडलेली जागा पुरे. स्त्री-पुरुष, सारी जात एकत्र. १९६८ साली महाराज गेले. ती प्रार्थना मात्र गुरुदेव सेवा मंडळांतून चालत राहिली. आम्ही संस्कृतवाले तिच्याकडे थोडे वरून पाहत असू. वरून पाहिले की बरेचसे दिसत नाही.

शेगावच्या महाराजांचेच पाहा. १८७८ च्या माघ वद्य सप्तमीला ते प्रकटले ते उष्ट्या पत्रावळीवरील शिते वेचताना. त्यांच्या पूजेची वेळ कोणती होती? टाकळीकर गोविंदबुवांचे कीर्तन चालू असताना बाहेर बसलेल्या महाराजांनी श्लोकाचा उत्तरार्ध म्हटला, ही कथा दासगणूमहाराजांच्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथात आहे आणि प्रत्येक कीर्तनकाराने ती जपून वाचावी अशी आहे: पूर्वार्ध व्यासपीठावर, उत्तरार्ध भिंतीबाहेर. हल्ली त्या एकवीस अध्यायांचे एकासनी पारायण किती तासांत संपविले, याची चढाओढ लागलेली आम्ही पाहतो. घड्याळाशी शर्यत लावण्यास दुसऱ्या पोथ्या पुष्कळ आहेत.

माघापासून आमच्या घरी पुढीलप्रमाणे चालले आहे. कुटुंब काठी घेऊन हिंडू लागली आहे. सकाळची आमची पूजा आता पाऊण तासाची. पाणी आणि फुले आमची आम्ही आणतो, म्हणून अभिषेक रोजचा सोमवारवर आला आहे. चंदन आम्ही उगाळतो. फार पातळ होते. सायंकाळी सातला गॅस बंद होतो. ती खुर्चीवर, आम्ही पाटावर, आणि सहस्रनाम ती सांगते, आम्ही मागून म्हणतो. तिचे उच्चार दोन ठिकाणी अशुद्ध आहेत. ऐकून ऐकून शिकलेली ती, आणि ते दोन्ही आमच्याच घाईचे. ते आम्ही अद्याप सुधारले नाहीत.

मृग लागण्यापूर्वी त्या खेड्यात पुन्हा कीर्तनाचा योग आला. आम्ही त्या बाईस शोधून काढले. उत्तर घेऊन गेलो होतो: घरातील सर्वांनी मिळून सायंकाळी दहा मिनिटे बसावे, त्या वेळी चूल बंद ठेवावी, हे मी तुझ्या घरच्या पुरुषमंडळींना समोर बसवून सांगतो. तिने ऐकून घेतले. म्हणाली, "सांगा बुवा, चांगलं व्हईल." मग म्हणाली, "माझं चालू झालं हो, मागच्याच आषाढीपासून. नळावर आमी चौघी असतो. पानी बारीक येते. एक हंडा भरतवर एक अभंग होते, मोठा असला त अर्धा. राह्यलेला दुसऱ्या हंड्याले."

आम्ही विचारले, "आणि चौघींचे हंडे भरून झाले म्हणजे?"

"मंग पाचवी येते नं."